नव्या कंपायलरचा पायगुण

गोव्याहून परतले त्या संध्याकाळी समोरच्या वहिनींनी मला जिन्यातच गाठलं. "काय, समुद्र कसा होता?"

"बरा होता," मी म्हटलं आणि घाईघाईने कुलपाशी झटापट करायला लागले.

समुद्र मी पाहिलाच नव्हता. पण तसं म्हटलं असतं तर मग काय पाहिलं तेही सांगावं लागलं असतं, आणि त्या घडीला मला तोंड लपवायला फक्त स्वतःच्या घराचं दार हवं होतं. आता जरा शांत झाल्यावर लिहून काढते. बोलताना मी सारवासारव फार करते. लिहिताना निदान आपली आपल्याला ती दिसते.

मी कोल्हापूरची. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. दूध संस्था, मंगल कार्यालयं, अशी माझी गिऱ्हाइकं. त्यातच गोव्यातली एक ट्रकमालकांची संघटना आहे, डिचोली तालुक्यात, पाळी गावाच्या बाजूला. तिथे खाणीचं खनिज वाहून नेतात. रोज सकाळी ट्रक आवारात येऊन उभे राहतात आणि प्रत्येकाला नंबर लागतो. ज्याच्या त्या आठवड्यात ट्रिपा कमी झाल्या तो आधी. ट्रिपा सारख्या असतील तर जो सकाळी आधी आला तो आधी. एवढंच काम माझा प्रोग्रॅम करायचा आणि वर्षानुवर्षं बिनतक्रार करत होता. मध्यंतरी खाणी बंद पडल्या, तेव्हा तोही ट्रकांबरोबर धूळ खात पडला. खाणी सुरू झाल्या, संघटनेने नवा कंप्युटर घेतला, आणि त्यावर माझा जुना प्रोग्रॅम चालेना. म्हणून हा प्रवास.

धारगळ

आंबोलीच्या घाटाचं वर्णन माझ्याकडून मिळणार नाही. मी झोपले होते. जाग आली ती पत्रादेवीला, गोव्याची हद्द लागली तेव्हा, आणि थोड्याच वेळात कंडक्टरने धारगळला हायवेवर उतरवलं. संघटनेचे सेक्रेटरी पुंडलीकबाब टायर घ्यायला पेडण्याकडे आले होते, ते मला तिथूनच जीपने नेणार होते. साठीचे गृहस्थ, पांढरा शर्ट इस्त्रीचा, पण खिशाच्या कडेला खाणीची लाल माती कायमची बसलेली.

"येयात, येयात. वाटेर त्रास जालो ना मू?" असं विचारून त्यांनी मला आधी रस्त्याकडेच्या हॉटेलात बसवलं. आमच्याकडे पाव म्हणजे आजाऱ्याचं नाहीतर मिसळीचं खाणं. इथे सकाळ पावाशिवाय उजाडतच नाही. पातळ भाजीत बुडवायला गरम उंडे, म्हणजे गोल पाव, आले, बाहेरून कडक, आतून कापूस. सोबत तळलेली मिरची. "तिखट आसा हां," पुंडलीकबाब म्हणाले. कोल्हापूरच्या बाईला मिरचीचं भय दाखवता का, म्हणून मी ती अख्खी तोंडात टाकली आणि पुढचा बराच वेळ डोळे पुसत बसले. हा या प्रवासातला पहिला गर्व. हा निदान पाण्याने उतरला.

वाटेत त्यांनी विचारलं, नवीन प्रोग्रॅममध्ये नवीन काय? मग काय, मला विषयच मिळाला. मी ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहिते तिचा नवा कंपायलर आला होता. कंपायलर म्हणजे दुभाषी. आपण लिहिलेलं यंत्राला कळेल असं करून देणारा. आणि भाषेबरोबर एक स्टँडर्ड लायब्ररी येते. म्हणजे रोज लागणारी कामं कुणीतरी आधीच करून ठेवलेली असतात. याद्या लावणं, तारखा मोजणं. आपल्या घरातल्या कांदा-लसूण मसाल्याच्या बरणीसारखं. दर वेळी कुटत बसायला नको, चमचा घालायचा आणि पुढे जायचं. नव्या आवृत्तीत कंपायलर चपळ झाला होता, लायब्ररीतलं यादी लावण्याचं काम पूर्वीपेक्षा किती तरी वेगाने होत होतं. हे सगळं मी पुंडलीकबाबांना असं रंगवून सांगितलं, जणू तो वेग मीच घरी कुटून आणला होता. भाषेचं नाव मुद्दाम सांगत नाही. दोष तिचा नाही.

पाळी, पहिला दिवस

डिचोली ओलांडली की झाडांचा रंग बदलतो. लाल धुळीखाली पानं हिरवी असतात, पण ते आपण समजून घ्यायचं. संघटनेचं आवार रस्त्याला लागून: एका बाजूला पत्र्याचं ऑफिस, दुसऱ्या टोकाला सातविणीचं मोठं झाड आणि त्याखाली राखणदाराचा दगड. राखणदार म्हणजे त्या जागेचा रखवाला देव. गाडी बाहेर काढताना प्रत्येक ड्रायव्हर त्याच्याकडे बघून हात कपाळाला लावतो. ऑफिसवरची पाटी कोंकणीत, भिंतीवरचं देवळाचं पत्रक मराठीत, आणि भांडण लागलं की दोन्ही भाषा कामाला येतात असं मला नंतर कळलं.

ऑफिसात दर्शना होती. तिशीची, नार्वे गावची, नंबर काढायचं काम पहिल्यापासून तिच्याकडे. माझ्या प्रोग्रॅमला माझ्यापेक्षा तिचीच सवय जास्त. मी नवा प्रोग्रॅम चढवत होते तेव्हा ती हळूच म्हणाली, "मॅडम, जुनें बरें चलतालें मू?"

"अगं, जुनं किती दिवस वापरणार?" मी म्हटलं.

त्या दिवशी जवळच्या गावात जत्रा होती, त्यामुळे आवारात मोजकेच ट्रक आले होते. चाचणीला तेवढे पुरे, असं मी ठरवलं. नंबर काढले, सगळ्यांनी बघितले, जिथल्या तिथे बरोबर. चहा आला. ड्रायव्हर खिडकीशी जमले. त्यांत तातू होते, दोडामार्गाकडचे म्हातारे ट्रकमालक, स्वतःची एकच गाडी, तीही स्वतःच चालवणारे. कुणीतरी विचारलं, "मशीन चुकलें जाल्यार?"

मी चहाचा कप खाली ठेवला. असा प्रश्न मला आवडतो. "हे बघा, यंत्राला भाऊ नाही, बहीण नाही. यंत्राला नातं नसतं. चुकतो तो माणूस, यंत्र नाही."

तातूंनी मांडीवर थाप मारली. "ह्या बरा सांगलात!"

मला फार बरं वाटलं.

नार्वे

मुक्काम दर्शनाच्या घरी होता. नार्वे नदीकाठचं गाव; पाळीच्या लाल धुळीतून तिथे गेलं की डोळे धुतल्यासारखे होतात. काठाने भाजीचे मळे, पलीकडून येणारी फेरीबोट, सप्तकोटेश्वराच्या देवळापाशी संध्याकाळी गार वारा. घरात दर्शना, तिची आई आणि भाऊ सुदेश. सुदेशचा एक ट्रक संघटनेत होता.

आईने पहिलं पान मला वाढलं. घरची माणसं नंतर. शीत-कडी, शेवट्याचं हुमण, म्हणजे नारळाच्या रसातलं माशाचं कालवण, आणि तांबड्या भाजीवर खवलेलं खोबरं. आमच्याकडे पाहुण्याला वाढून घरचे सोबत बसतात. इथे मी जेवेपर्यंत तिघंही माझ्याकडे बघत होते, म्हणून मी जास्तच जेवले. आई म्हणाली, "दर्शना म्हणटा, तुमीच तिका हें काम शिकयलें." दोन-चार गोष्टी फोनवर सांगितल्या होत्या खऱ्या. मी हो म्हटलं.

पाळी, दुसरा दिवस

जत्रा संपली आणि सकाळी आवार भरून ओसंडून रस्त्यापर्यंत ट्रक लागले. दर्शनाने आलेल्या क्रमाने सगळ्यांची नोंद केली, बटण दाबलं आणि नंबर वाचायला लागली. तिसऱ्या-चौथ्या नावाला बाहेरून एक आवाज आला. मग पाच-सहा. मग सगळेच.

तातू खिडकीशी आले. "उजाडूच्या आदी गाडी आणून लायलंय मी. माझ्या मागसून इल्ले फुडे कशे गेले?"

त्यांचं बरोबर होतं. नव्या आठवड्याचा पहिलाच दिवस, ट्रिपा सगळ्यांच्या सारख्याच, शून्य. म्हणजे आधी आला तो आधी, साधी गोष्ट. तातू पहिले आले होते आणि त्यांचं नाव कुठेतरी तळाला गेलं होतं. आणि पहिलं नाव होतं सुदेशचं.

"भयणीन भावाची गाडी फुडें काडली!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि ते वाक्य तातूंसकट आवारभर सगळ्यांच्या तोंडी फिरलं.

दर्शनाचा चेहरा उतरला. "हांवें कांयच करूंक ना," ती म्हणाली. कुणी ऐकून घेतलं नाही. यंत्राला नातं नसतं, हे कालच तर सगळ्यांनी ऐकलं होतं. मग नातं कुणाला होतं ते उघडच होतं. सुदेश आपली गाडी बाजूला काढतो म्हणाला, तर त्यालाही धक्काबुक्की झाली. शेवटी पुंडलीकबाबांनी काम बंद ठेवलं. उद्या सकाळी राखणदारापुढे गाऱ्हाणं घालायचं, दोषी कोण ते देव उजेडात आणील, आणि तोवर दर्शनाने ऑफिसात पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं. दोष तिच्यावर राहिला तर काम तर जाईलच, पण गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही, हे मलाही दिसत होतं.

मी काय केलं? मी म्हटलं, "मी तपासते."

दुपारी नार्व्याला जेवणं झाली. दर्शना जेवली नाही. मी सोप्यावर लॅपटॉप घेऊन बसले आणि सकाळचीच नोंद जुन्या प्रोग्रॅमला दिली. तातू पहिले. नव्याला दिली. सुदेश पहिला. मग थोडे थोडे ट्रक कमी करत गेले, आणि मूठभर उरले तेव्हा दोन्हींचं उत्तर सारखं आलं.

तेव्हा मला सगळं कळलं. नवी लायब्ररी यादी लहान असेल तर साध्या जुन्या पद्धतीने लावते. मोठी असेल तर वेगाच्या पद्धतीने, आणि त्या वेगात सारख्या नोंदी एकमेकींच्या मागेपुढे होतात. जत्रेच्या दिवशी यादी लहान होती. नव्या आवृत्तीबरोबर आलेल्या बदलांच्या टिपणात तसं स्पष्ट लिहिलेलंही होतं: समान नोंदींचा मूळ क्रम राखला जाईलच असं नाही. ती ओळ मी कोल्हापुरात चहा पिता पिता वाचली होती. वाचली आणि पुढे गेले. लायब्ररीतून तारखांची काही जुनी कामं काढून टाकली होती, तिथे कंपायलर लाल अक्षरांत ओरडला, म्हणून त्या जागा मी मन लावून दुरुस्त केल्या. जिथे तो गप्प राहिला तिथे सगळं ठीक आहे असं समजले. घरात पोर गप्प झालं की आई आधी तिकडे धावते. मी दोन पोरं वाढवली, पण हे मला तेव्हा सुचलं नाही.

आणि याहूनही लाजिरवाणी गोष्ट अशी, की 'आधी आला तो आधी' ही त्या लोकांची रीत माझ्या प्रोग्रॅममध्ये मी लिहिलेलीच नव्हती. जुनी लायब्ररी आपणहून ती पाळत होती. इतकी वर्षं मला वाटत होतं, ती मी लिहिली आहे.

दुरुस्ती एका ओळीची होती. ती मी तिथल्या तिथे केली. सांगायचं मात्र राहिलं. राहिलं कसलं, मी ठेवलं. उद्या सकाळी गुपचूप दुरुस्त प्रोग्रॅम चढवू, नंबर बरोबर येतील, लोक विसरतील, असा माझा हिशेब चालला होता. पोटात मासे होते, समोर नदी होती, आणि मी शब्द जुळवत बसले होते.

तेवढ्यात आतून पीठ मळल्याचा आवाज आला. दर्शनाची आई राखणदाराचा रोट करत होती. गाऱ्हाण्याला रोट लागतो, निखाऱ्यांवर भाजलेली जाड भाकर, आणि तो तिने स्वतःच्या हाताने करायचं ठरवलं होतं. मी आत गेले. का गेले ते सांगता येत नाही. बहुतेक बाहेर एकटीला बसवेना. समोर गुळाची ढेप होती, मी विळी ओढली.

"मातसो बारीक करात," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "राखणदार खरें-फट दाखयता. कोणें केलां ताका तो सोडचो ना." आणि पदराने डोळे पुसले.

मी गूळ बारीक चिरला. छान बारीक चिरला. वास छान सुटलाय, असंही म्हणाले.

पाळी, तिसरा दिवस

सकाळी सातविणीखाली सगळे जमले. दर्शना ओल्या केसांनी, उपाशी, एका बाजूला उभी. तिच्याजवळ तिची आई. सुदेश दूर गाडीपाशी. राखणदाराच्या दगडापुढे केळीच्या पानावर रोट, नारळ, विड्यांचं बंडल. गावच्या जाणत्या माणसाने हात जोडून मोठ्याने गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा राखणदारा! आज ही तुजी लेकरां तुज्या पायांकडे आयल्यांत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका आवाजात.

"नंबरांत कोणें हात घातलो, जाणून घातलो वा नेणतेपणी घातलो, ताका उजवाडाक हाड, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्या आवाजात माझाही होता. तोंडातून आपसूक गेला. त्यापुढचं गाऱ्हाणं मी ऐकलंच नाही. नारळ फोडायला हात वर गेला तेव्हा मी म्हटलं, "थांबा. चूक माझी आहे."

सगळे वळले. मी सांगायला सुरुवात केली, आणि कधी नव्हे ती मला भाषा सापडेना. कंपायलर बदलला, लायब्ररी बदलली, समान नोंदी. मीच ऐकत होते आणि मलाच ते थापा मारल्यासारखं वाटत होतं.

पुंडलीकबाबांनी मला मध्येच हळू आवाजात थांबवलं. "मॅडम, तुमी तिच्या घरा रावतात. तुमचें मन बरें, म्हणून तुमी आंगार घेतात."

"नाही हो, खरंच—"

"आणि परवा तुमीच सांगलात मगे," तातू म्हणाले, "यंत्राक नाता नसता म्हणान? आता यंत्रच चुकला म्हणतास?"

माझंच वाक्य, माझ्याच समोर. लोक दर्शनाकडे बघायला लागले; पाहुणीला पढवलंस वाटतं, असं एक जण स्पष्ट बोललाही. माझ्या कबुलीने तिच्यावर आणखी एक आळ आला होता. पळून जावंसं वाटलं, खरंच सांगते.

मग मी लॅपटॉप आणला आणि राखणदारापासून दोन हातांवर ट्रकच्या बॉनेटवर ठेवला. "पुंडलीकबाब, तुम्ही दाबा. माझा हात नको, दर्शनाचाही नको." त्यांनी एका बोटाने, गरम तव्याला लावावं तसं, बटण दाबलं. काल सकाळचीच नोंद, जुना प्रोग्रॅम. त्यांनी नाव वाचलं: तातू. मग तीच नोंद, दुरुस्तीआधीचा नवा प्रोग्रॅम. त्यांनी वाचलं: सुदेश. पुन्हा जुना, पुन्हा नवा. पाचेक ट्रक घेऊन दोन्ही, सारखे. सगळे घेऊन; पुन्हा वेगळे.

"परवा तुम्ही थोडेच होतात, म्हणून बरोबर आलं," मी म्हटलं. "मी तेवढ्यावरच हात झटकले. सारख्या ट्रिपा असल्या तर आधी आला तो आधी, ही तुमची रीत मी लिहायलाच हवी होती. लिहिली नव्हती. दर्शनाने काही केलेलं नाही."

सगळ्यांत आधी तातू हलले. सरळ दर्शनापुढे जाऊन उभे राहिले. "बाय, माझा चुकला. तोंडाक इला ता बोललंय." एवढं बोलून ते आपल्या जागी परतही आले. इतकी वर्षं शिकलेली मी. जे मला काल दुपारपासून जमलं नव्हतं, ते त्यांना आवार ओलांडायला लागतो तेवढ्या वेळात जमलं.

नारळ फुटला. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम चढला, पुंडलीकबाबांनी नंबर वाचले, आणि प्रत्येक नावाला आवारातून हुंकार आला. यापुढे रोज असंच मोठ्याने वाचून सगळ्यांचा होकार घ्यायचा आणि मगच पहिली गाडी हलवायची, असं त्यांनी तिथेच ठरवलं. मी मान हलवली. माझ्या मताला आता फारशी किंमत नव्हती आणि ते योग्यच होतं.

मग रोट वाटायला घेतला. तो दर्शनानेच वाटावा, असं जाणत्या माणसाने सांगितलं. लोक आपोआप ओळीत उभे राहिले, ते तिथे सगळ्यांच्या सवयीचंच आहे. मीही जिथे होते तिथेच ओळीत सापडले. दोन दिवस प्रत्येक पान, प्रत्येक कप पहिला माझ्यापुढे येत होता. आज दर्शना पहिल्या माणसापासून सुरू झाली आणि एकेकाच्या हातावर तुकडा ठेवत आली. माझ्यापाशी आली तेव्हा थांबली. तुकडा तिच्याच हातात होता.

"मॅडम, तुमकां केन्ना कळ्ळें?"

खोटं सुचलं होतं. आज सकाळी, असं ओठांवर आलं होतं.

"काल," मी म्हटलं. "दुपारी. जेवणानंतर."

ती माझ्याकडे बघत राहिली. "म्हणल्यार आवय रोट भाजताली, तेन्ना तुमकां खबर आशिल्ली. आनी तुमी तिका गूळ चिरून दिलो."

तिने माझ्या हातावर तुकडा ठेवला, इतरांच्या एवढाच, आणि पुढे गेली. माझ्यामागे अजून बरेच जण उभे होते.